नाण्यावरचे बेलाचे पान

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय आहे स्मारक-नाण्यांचा. ३१ मे २०२५ रोजी पुण्यश्लोक अहिल्याबाईंच्या जन्माला ३०० वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी भोपाळ येथे पंतप्रधानांच्या हस्ते त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट आणि ३०० रुपयांचे नाणे प्रसिद्ध झाले. अहिल्याबाई आपल्या जिल्ह्याची लेक. जामखेड तालुक्यातील चौंडी हे त्यांचे माहेर. २०२४ पासून तर आपल्या जिल्ह्याला त्यांचेच नाव आहे. तेव्हा या नाण्याविषयी आपल्या मंडळात बोलणे व्हावे, हे योग्यच झाले.

कोणी म्हणेल, नाणी हा विषय पुरुषांचा. संग्राहक तेच, सराफ तेच, इतिहास लिहिणारे बहुतेक तेच. पण भगिनींनो, नाणे जपून ठेवण्याचे काम आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या कोणी केले? लक्ष्मीपूजनाच्या तबकात ठेवावयाचा राणीछाप रुपया कोणाच्या पेटीतून निघतो? बाळाच्या हातावर ठेवलेला बंदा रुपया, ओटीत घातलेले नाणे, गळ्यातली पुतळ्यांची माळ, ही सारी आपल्याच हातची. पुतळी हा शब्दच मुळी नाण्यावरून आला. व्हेनिस शहराच्या सोन्याच्या नाण्यावर उभ्या माणसांच्या आकृती असत, म्हणून आपल्याकडे त्या नाण्याला पुतळी म्हणू लागले. दूरच्या बंदरातले नाणे व्यापाराबरोबर आले आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या गळ्यात जाऊन दागिना झाले. म्हणून या विषयावर बोलण्याचा आपला अधिकार मी लहान समजत नाही.

आता स्मारक-नाणे म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. नाण्याला दोन अंगे. एका अंगावर राज्याची खूण असते. आपल्याकडे ती अशोकस्तंभावरील सिंहांची. त्याखाली ‘सत्यमेव जयते’. नेहमीच्या नाण्याच्या दुसऱ्या अंगावर किंमत आणि एखादे साधे चित्र असते. स्मारक-नाण्यात हे दुसरे अंग एखाद्या व्यक्तीला, घटनेला किंवा संस्थेला वाहिलेले असते. म्हणजे एक बाजू राज्याची आणि एक बाजू आठवणीची. नाण्याचा आकार, वजन, धातू आणि चित्र केंद्र सरकार ठरविते, ते राजपत्रात प्रसिद्ध होते, आणि मग मुंबई, कोलकाता, हैदराबाद किंवा नोएडा येथील टांकसाळीत नाणे पडते. वर्षाच्या आकड्याखाली बारीक पाहिले तर कोणत्या टांकसाळीचे नाणे आहे तेही कळते. मुंबईची खूण लहानसा चौकट-बिंदू, हैदराबादची चांदणी, नोएडाची गोल टिंब, आणि कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते.

या नाण्यांत पुन्हा दोन जाती आहेत. काही स्मारक-नाणी बाजारात फिरतात. भाजीवालीच्या गल्ल्यात पडतात, मुलांच्या खाऊत जातात. काही मात्र बाजारात येतच नाहीत. ती टांकसाळीकडून डबीत घालून विकत मिळतात, आणि त्यांची विक्रीची किंमत त्यांवर लिहिलेल्या आकड्याहून बरीच अधिक असते. ३०० रुपयांचे नाणे या दुसऱ्या जातीचे. हा भेद आपण लक्षात ठेवावा. पुढे त्याच्याकडे मला वळावयाचे आहे.

स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक-नाणे १९६४ साली निघाले. पंडित नेहरू त्या वर्षी निवर्तले. त्यांची प्रतिमा असलेली एक रुपयाची आणि ५० पैशांची नाणी त्या वर्षी काढण्यात आली. आता पाहा, हे पहिलेच नाणे आपल्या जिल्ह्याशी जोडलेले आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीतील पुढाऱ्यांना अटक करून आणले ते नगरच्या भुईकोट किल्ल्यात. नेहरू तेथे मार्च १९४५ पर्यंत होते, आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ १९४४ साली याच किल्ल्यात लिहिला गेला. सरदार पटेलही तेथेच होते. त्यांचे दोन रुपयांचे नाणे १९९६ साली निघाले. पण त्या नाण्यांवर आपला किल्ला नाही. त्यांवर माणसे आहेत, आणि ती साऱ्या देशाची माणसे आहेत.

दुसरे नाणे १९९९ सालचे. एक रुपयाचे, ‘संत ज्ञानेश्वर’ अशी अक्षरे असलेले. हे नाणे बाजारात चांगलेच फिरले. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या हातून ते गेलेही असेल. आता ज्ञानेश्वर म्हटले की लोक आळंदीचे नाव घेतात, पैठणचे घेतात. पण शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती प्रवरेच्या काठी आपल्या नेवाशाला. ज्या दगडी खांबाला टेकून त्यांनी ती सांगितली असे आपण मानतो, तो पैस खांब आजही तेथे आहे आणि वारकरी त्याला आलिंगन देतात. मराठी भाषेचा एवढा मोठा ग्रंथ जेथे झाला, ते गाव त्या रुपयावर कोठे दिसते? दिसत नाही. रुपया हाती असलेल्या दिल्लीच्या किंवा मद्रासच्या माणसाला नेवासे कळावयाचे कसे?

आणि तिसरे नाणे अहिल्याबाईंचे. त्यावरही मध्यभागी त्यांची प्रतिमा आहे.

किल्ला, नेवासे आणि चौंडी, अशी आपल्या जिल्ह्यातील तीन ठिकाणे या नाण्यांमागे उभी आहेत आणि तिन्ही नाण्यांवर मुख्य स्थान चेहऱ्यालाच दिलेले आहे. चेहरा येतो, गाव मागे राहते. मला आज जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे की, प्रांताचा वारसा नाण्यावर उतरावयाचा तर चेहऱ्यापेक्षा त्या प्रांताची खूण अधिक बोलते. आणि हे शिकविण्यास परक्या कोणाची गरज नाही. ते खुद्द अहिल्याबाईंच्या नाण्यावरूनच शिकता येते.

अहिल्याबाईंनी स्वतः नाणी पाडली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांचे चरित्र आपण सर्वजणी जाणता. १७२५ साली चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी जन्म. मल्हारराव होळकरांची सून म्हणून माळव्यात गेल्या. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ मध्ये सासरे गेले आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. एवढे सोसून त्यांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य चालविले. महेश्वर ही त्यांची राजधानी. तेथे त्यांनी घाट बांधले, विणकर वसविले, आणि तेथेच त्यांची टांकसाळ होती.

महेश्वरच्या टांकसाळीतला रुपया हातात घेतला तर पहिल्याने निराशाच वाटेल. त्यावर अहिल्याबाईंचे नाव नाही. प्रतिमा नाही. त्यावर फारसी अक्षरे आहेत आणि नाव आहे दिल्लीचा बादशहा शाहआलम याचे. असे का? तर त्या काळची रीतच तशी होती. बाजारात नाणे चालावयाचे ते सराफाच्या विश्वासावर. बादशाही नाव असलेला रुपया दूरच्या बाजारातही लोक घेत, म्हणून मराठी सरदारांच्या टांकसाळींतूनही बादशहाच्या नावाचीच नाणी पडत. शिवाय नाणे हातोड्याने पाडीत. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये चांदीचा तुकडा आणि वरून घाव. पुष्कळदा ठसा मोठा आणि तुकडा लहान असे. त्यामुळे निम्मी अक्षरे बाहेरच राहत. अशा नाण्यावर टांकसाळीच्या मालकाला आपले म्हणून काही सांगावयाचे तर जागा उरे ती एखाद्या लहानशा खुणेपुरतीच.

त्या एवढ्याशा जागेत अहिल्याबाईंनी काय घातले? शिवलिंग आणि बेलाचे पान.

भगिनींनो, ही खूण नीट ध्यानात घ्या. राज्य त्यांच्या हातात होते. तुकोजीराव होळकर सैन्य सांभाळीत, कारभार त्या पाहत. त्यांच्याविषयी सांगतात की, आज्ञापत्रावरही त्या स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव घालीत. राज्य देवाचे, आपण कारभारीण. ती भावना त्यांनी रुपयावर उतरविली, आणि ती उतरविण्यास त्यांनी जे चिन्ह निवडले ते सोमवारी पूजेला बसणाऱ्या कोणाही मराठी बाईच्या हातातले. बेलाचे पान ओळखावयास फारसी यावी लागत नाही. नर्मदेकाठच्या कोष्टिणीला बादशहाचे नाव वाचता येत नसेल, पण पान पाहताच तिला कळत असेल की हा रुपया आपल्या बाईंचा. होळकरांच्याच इंदूरच्या टांकसाळीत सूर्यमुखाची खूण घातलेले रुपये पडत. तेही असेच, न वाचता ओळखू येणारे. बाजाराला हवे होते ते बादशहाचे नाव त्यांनी राहू दिले आणि आपले सांगणे पानातून सांगितले.

खुणेचे हे शहाणपण आपल्या प्रांतात फार जुने आहे. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात जोगलथेंबी म्हणून गाव आहे. तेथे १९०६ साली जमिनीत चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३ हजारांहून अधिक नाणी होती ती. सारी क्षत्रप नहपानाची, आणि त्यांवर त्या राजाचा चेहरा. पण त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आढळला. नहपानाचा पराभव झाल्यावर नाणी वितळविण्याचा खटाटोप न करता त्यांवरच नवा ठसा उमटविला. तो ठसा होता डोंगरासारख्या कमानींचा आणि उज्जैन-चिन्ह म्हणतात त्या चार वर्तुळांच्या खुणेचा. राजाच्या चेहऱ्यावर राजाचा चेहरा न मारता त्यांनी खूण मारली. सातवाहनांची नाणी आपल्या नेवाशालाही निघाली आहेत. डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलियांनी १९५४ ते १९५६ या काळात तेथे उत्खनन केले, त्यात ती मिळाली. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या नेवाशाच्या मातीत त्यांच्याही आधीची हजार-बाराशे वर्षांची नाणी दडलेली होती.

१४९० साली मलिक अहमदाने निजामशाहीची स्थापना केली आणि त्याच्या नावाने आपले शहर वसले. पुढे त्या शाहीची तांब्याची नाणी नगरच्या टांकसाळीत पडू लागली. मोगलांच्या अमलातही येथे टांकसाळ होती. त्या नाण्यांवर चित्र नाही, अक्षरे आहेत, आणि त्यांत अहमदनगर हे टांकसाळीचे नाव आहे. फारसीत का असेना, पण आपल्या गावाचे नाव नाण्यावर यावयाचे ते त्या काळी. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि शिवराई निघाली. तिच्या एका अंगावर ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्यावर ‘छत्रपति’. तिच्यावर महाराजांची प्रतिमा नाही, पण अक्षरे देवनागरी आहेत. फारसीच्या गर्दीत देवनागरी अक्षर हीच त्या नाण्याची खूण होती. आज आपण १९९९ सालच्या दोन रुपयांच्या नाण्यावर महाराजांचा चेहरा पाहतो. तो पाहून आनंदच होतो; पण शिवराईवरच्या त्या ओबडधोबड अक्षरांत जे धैर्य आहे ते काही वेगळेच.

यावर कोणी विचारील की, चेहरा घातला तर बिघडले काय? ज्या थोरांचे स्मरण करावयाचे त्यांचे मुख लोकांनी पाहू नये काय? पाहावे. मुलाला नाणे दाखवून ‘हे कोण?’ असे विचारता येते, हा लाभ लहान नाही. आणि स्त्रीचा चेहरा नाण्यावर येणे याला तर निराळाच अर्थ आहे. इतकी वर्षे आपल्या आयाबायांनी नाण्यांवर पाहिली ती बहुधा पुरुषांची मुखे. स्त्रीचे मुख पाहिले ते पुष्कळदा विलायतेच्या राणीचे. चौंडीच्या पाटलांची मुलगी तेथे आली, तेव्हा आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही मुलीला मान उंच करावीशी वाटेल. तेव्हा चेहरा नको असे माझे म्हणणे नाही. चेहऱ्याबरोबर ठिकाणाची, मातीची, कामाची खूण असावी, एवढेच म्हणणे आहे.

आणि हे होऊ शकते. आपल्याच देशात २०१० साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षे झाली म्हणून नाणी निघाली. एक हजार रुपयांचे आणि पाच रुपयांचेही. त्यांवर मंदिर आहे. तामिळ माणूस ते नाणे हातात घेतो तेव्हा त्याला आपले गाव दिसते. अमेरिकेत १९९९ ते २००८ या दहा वर्षांत पन्नास राज्यांसाठी पन्नास नाणी काढली, दर वर्षी पाच. नाणे साधेच, चवली-पावलीसारखे रोजच्या वापरातले. प्रत्येक राज्याने आपापली खूण सुचविली. विस्कॉन्सिन हे दूधदुभत्याचे राज्य, त्याने गाय, मक्याचे कणीस आणि चीजचा गड्डा घातला. व्हर्मांटमध्ये मेपल झाडाच्या रसापासून साखरेचा पाक करतात, त्याने रस साठविण्याच्या बादल्या टांगलेली झाडे घातली. हे ऐकून मला प्रवरानगर आठवले. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना तेथे उभा राहिला, आणि त्यापासून साऱ्या महाराष्ट्राने धडा घेतला. व्हर्मांटने बादल्या घातल्या, तर आपल्या जिल्ह्याच्या नाण्यावर उसाचे कांडे शोभणार नाही काय?

त्याच अमेरिकेने २०२२ ते २०२५ या चार वर्षांत वीस कर्तबगार स्त्रियांची नाणी काढली, तीही रोजच्या वापरातली. आणि ग्रीस देशाची गोष्ट तर आपल्या विषयाला फारच जवळची. २००२ साली युरोपातील अनेक देशांचे मिळून एकच नाणे सुरू झाले. त्याची एक बाजू सर्वांची सारखी, दुसरी ज्या त्या देशाची. ग्रीसने आपल्या एक युरोच्या नाण्यावर घुबड घातले. हे घुबड कोठले? अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्स नगरीच्या नाण्यावरचे. जुनेच नाणे त्यांनी नव्या नाण्यावर उमटविले! अहिल्याबाईंच्या स्मारक-नाण्याच्या मध्यभागी त्यांच्याच रुपयावरचे शिवलिंग आणि बेलपत्र उमटले असते, तर मला वाटते, त्या माउलीच्या स्वभावाला ते अधिक धरून झाले असते. जिने आपल्या राज्यात आपले मुख नाण्यावर घातले नाही, तिचे स्मरण तिने निवडलेल्या खुणेने करणे हा तिचा मोठाच मान झाला असता.

आता मघाशी म्हटलेल्या दोन जातींकडे येते. १९७० नंतर आपल्याकडे लहान किमतीची स्मारक-नाणी पुष्कळ निघाली. १९७५ साली आंतरराष्ट्रीय महिला वर्षाचे दहा पैशांचे नाणे निघाले. १९८० साली ग्रामीण स्त्रियांच्या प्रगतीची नाणी निघाली, दहा आणि पंचवीस पैशांची. ती शेतावर कामाला जाणाऱ्या बाईच्या पदराच्या गाठीत होती. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालील नाणी बंद झाली, तशी तीही गेली. पण त्यांनी आपले काम केले होते. आज तीनशे रुपयांचे नाणे डबीतून निघून चौंडीच्या शाळेतील मुलीच्या हाती पडावयाचे नाही. ज्याला ठाऊक असेल तो मागवील, मखमलीत ठेवील आणि कपाट बंद करील. जी बाई गोरगरिबांसाठी विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधीत देशभर गेली, तिचे नाणे बाजारात न फिरणे मला खटकते. ज्ञानेश्वरांच्या रुपयासारखे तिचेही एक साधे नाणे हातोहाती फिरावे, अशी मागणी आपल्यासारख्या मंडळांनी सरकारकडे अवश्य करावी. मागण्यास संकोच कशाचा?

पण सरकारकडे मागून आपण स्वस्थ बसावे काय? स्मारक-नाणे हे सरकार देईल तेव्हा मिळणार. आपल्या घरातली नाणी आजच आपल्या हातात आहेत, आणि ती भराभर नाहीशी होत आहेत. चांदीचा भाव चढला की जुने रुपये पेटीतून निघतात आणि मोडीच्या भावाने मुशीत जातात. सराफाचा त्यात दोष नाही. आपणच ते वजनावर देतो. म्हणून चार गोष्टी सांगते, त्या मात्र घरी गेल्यावर विसरू नका.

पहिली गोष्ट. मोडीला घालण्यापूर्वी नाणे वाचून घ्या. १९४० पूर्वीचा इंग्रजी अमलातला रुपया बरोबर एक तोळ्याचा, त्यात बाराला अकरा भाग चांदी असे. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. हे तर वजनाचे झाले. पण राणीच्या छापाऐवजी फारसी अक्षरे, सूर्यमुख, बेलपत्र, अंकुश असे काही दिसले तर तो रुपया थांबवून ठेवा आणि जाणत्याला दाखवा. अंकुश ही पेशवाईतल्या पुण्याच्या रुपयावरची खूण. अशा नाण्याचे मोल तोळ्यावर ठरत नाही.

दुसरी गोष्ट. दिवाळीला जुनी नाणी चिंचेने, राखेने घासून लख्ख करण्याची आपली सवय आहे. ती सोडावी. दर घासणीला अक्षर थोडे थोडे झिजते. ज्या काळ्या थरामुळे नाणे मळके दिसते तोच पुष्कळदा ते राखून ठेवतो. पूजेला कोरड्या मऊ कापडाने पुसले तरी लक्ष्मी रागावणार नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. घराचा पाया खणताना किंवा शेतात नांगरताना नाण्यांचे गाडगे निघाले तर ते लपवू नये आणि वाटूनही घेऊ नये. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी जोगलथेंबीचा साठा आठवा. ती तेरा हजार नाणी एकत्र हाती आली म्हणून एका राज्याचा पराभव आणि दुसऱ्याचा विजय उजेडात आला. ती वाटून मुशीत गेली असती, तर ती हकिकत कायमची विरघळली असती. आणखी एक, ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी ध्यानात ठेवावे की, शंभर वर्षांहून जुने नाणे आठवण म्हणूनही बरोबर देऊ नये. कायद्याने ते देशाबाहेर नेता येत नाही.

चौथी गोष्ट मंडळासाठी. येत्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने आपल्या घरातले सर्वांत जुने नाणे आणावे. शिवराई असो, भोकाचा पैसा असो की महिला वर्षाचे दहा पैसे असोत. ते कोणाकडून आले, आजीने कोणत्या प्रसंगी दिले, त्यावर काय दिसते, हे एका वहीत लिहून घ्यावे. कोणाच्या घरी काय आहे ते लिहू नये, चोराची सोय कशाला करा! नाण्याची हकिकत तेवढी लिहावी. अशी वही दहा वर्षे चालली तर आपल्या जिल्ह्यातील बायकांनी सांभाळलेल्या पैशाचा एक लहानसा इतिहासच तयार होईल. आणि मुलींना सांगावे, तुम्ही आपल्या जिल्ह्याचे नाणे काढा पाहू. कागदावर वाटीने गोल आखून द्यावा. कोणी पैस खांब काढील, कोणी किल्ल्याचा बुरूज, कोणी उसाचे कांडे, कोणी सीनाकाठची गढी. टांकसाळीत ते नाणे पडेल न पडेल. पण वाटीएवढ्या गोलात आपला जिल्हा बसवावयाचा म्हटले की, मुलीला आधी तो ओळखावा लागेल. मग तिला चौंडीला न्या, नेवाशाला न्या, आणि या रुपयाच्या मागे हे गाव आहे हे तिला तेथे उभे करून दाखवा.

भगिनींनो, सरकारने अहिल्याबाईंना नाण्यावर मानाचे स्थान दिले, हे चांगले झाले. त्या मानाला अर्थ यावयाचा तर त्यांचे गाव, त्यांचे काम आणि त्यांची खूण आपल्याला ठाऊक असली पाहिजे. ते काम टांकसाळ करू शकत नाही. ते आपल्या देवघरात, आपल्या पेटीशी आणि आपल्या मुलींपाशी व्हावयाचे आहे. मंडळाने ते हाती घ्यावे, अशी विनंती करते.